सर्व्हरला हाक मारण्याची रीत

परिचालन प्रणाली म्हणजे काय, हे शिकवताना आपण बहुधा एक व्याख्या सांगतो आणि पुढे जातो. वापरणारा आणि यंत्र यांच्यामधला दुवा. स्मृती, चकती, कळफलक यांची व्यवस्था पाहणारी आज्ञावली. ही व्याख्या चूक नाही, पण तिच्यातून एक महत्त्वाचा प्रश्न निसटतो. ही सारी व्यवस्था एकाच मोठ्या आज्ञावलीने पाहायची, की अनेक लहान आज्ञावल्यांनी वाटून घ्यायची? आणि वाटून घ्यायची ठरली, तर त्यांतल्या प्रत्येकीला कामाला कोण लावणार, केव्हा लावणार आणि कोणाच्या अधिकाराने?

यांतला शेवटचा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. 'सुरू करा' म्हटले की आज्ञावली सुरू होते, त्यात विचार करण्यासारखे काय आहे, असे कोणीही म्हणेल. प्रस्तुत लेखात 'हर्ड' या प्रणालीतील एका लहानशा लायब्ररीचे परीक्षण करावयाचे आहे. फाईल-व्यवस्था सांभाळणारे सर्व्हर सुरू करून देणे हे तिच्या कामांपैकी एक महत्त्वाचे काम. या परीक्षणातून तो किरकोळ प्रश्न किती खोल जातो, हे वाचकांच्या लक्षात येईल अशी आशा आहे.

गाभा मोठा की लहान?

परिचालन प्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. यंत्रावर कर्नलची पूर्ण सत्ता असते. युनिक्समध्ये आणि पुढे लिनक्समध्ये फाईल-व्यवस्था, संगणक-जाळ्याचे व्यवहार, बहुतेक उपकरणांच्या चालक आज्ञावल्या हे सगळे कर्नलच्या आतच ठेवलेले असते. त्यामुळे काम वेगाने होते. परंतु यांतला एखादा भाग बिघडला, तर त्याच्याबरोबर सबंध यंत्र कोसळू शकते.

मायक्रोकर्नलचा विचार याच्या उलट दिशेने जातो. गाभ्याने स्मृतीची वाटणी करावी, कामांच्या पाळ्या लावाव्यात आणि एकाचा संदेश दुसऱ्याला पोचवावा. एवढे झाले की त्याचे काम संपले. फाईली सांभाळणे, जाळे सांभाळणे ही कामे कर्नलच्या बाहेर, सामान्य प्रक्रियांनी करावीत. अशा सेवा देणाऱ्या प्रक्रियांना सर्व्हर म्हणतात. एखादा सर्व्हर कोसळला तर तेवढीच सेवा थांबते; बाकीचे यंत्र चालू राहते.

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८५ पासून रिचर्ड रशीद यांच्या नेतृत्वाखाली 'माक' हा गाभा विकसित झाला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या 'ग्नू' प्रकल्पाने आपल्या मुक्त प्रणालीसाठी पुढे हाच गाभा निवडला आणि १९९० साली त्याच्यावर चालणाऱ्या सर्व्हरांच्या समूहाचे काम हाती घेतले. हा समूह म्हणजे हर्ड. ऑगस्ट १९९१ मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सची घोषणा केली. जानेवारी १९९२ मध्ये त्यांचा आणि मिनिक्सचे कर्ते अँड्र्यू टॅनेनबॉम यांचा मोठा व अखंड गाभा बरा की लहान गाभा बरा, यावर जाहीर वाद झाला. तो वाद आजही सांगितला जातो, आणि लिनक्स जगभर पसरले व हर्ड मागे राहिली, यावरून त्याचा निकालही लावला जातो. हा निकाल घाईचा आहे असे मला वाटते. त्याचे कारण पुढे येईलच.

दुभाष्यांची प्रणाली

हर्डमधील सर्वांत आकर्षक कल्पना म्हणजे 'ट्रान्सलेटर', अर्थात दुभाष्या. फाईलींच्या झाडातील कोणत्याही नावावर एखादी प्रक्रिया बसवता येते. मग त्या नावाकडे येणाऱ्या सर्व विनंत्यांना उत्तर ती प्रक्रिया देते. त्या नावापलीकडे खरोखरची चकती असेल, दूरच्या यंत्रावरील फाईलींचा संग्रह असेल, किंवा काहीच नसेल आणि दुभाष्या उत्तर जागच्या जागी तयार करत असेल. हर्डसोबत 'हॅलो' नावाचा एक नमुना ट्रान्सलेटर मिळतो. तो ज्या फाईलीवर बसवावा, ती वाचली की नमस्काराची एक ओळ मिळते. चकतीवर ती ओळ कोठेच लिहिलेली नसते.

विशेष म्हणजे हे करायला व्यवस्थापकाची परवानगी लागत नाही. जी फाईल तुमच्या मालकीची, तिच्यावर तुम्ही हवा तो दुभाष्या बसवू शकता. पारंपरिक युनिक्समध्ये नवी फाईल-व्यवस्था जोडणे हा केवळ प्रमुख व्यवस्थापकाचा अधिकार होता. हर्डने तो सामान्य वापरकर्त्याला दिला. हे तिचे मोठे श्रेय आहे.

दुभाषे दोन प्रकारांनी बसवता येतात. 'सक्रिय' दुभाष्या म्हणजे आत्ता चालू असलेली प्रक्रिया. यंत्र बंद झाले की ती संपली. 'निष्क्रिय' दुभाष्या म्हणजे चकतीवर त्या फाईलीच्या नोंदीतच लिहून ठेवलेली एक आज्ञा: येथे कोणी आले तर अमुक आज्ञावली सुरू करावी. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले तरी ही नोंद टिकते. पहिला पाहुणा येईपर्यंत प्रक्रिया चालू नसते, म्हणून स्मृतीही अडत नाही.

पाहुणा आला की ही आज्ञा अमलात कोण आणणार? ज्या फाईल-सर्व्हरच्या ताब्यात ती नोंद आहे, तो. आणि त्याला या कामात मदत करते ती 'एफएसहेल्प' ही लायब्ररी.

मदतनीस काय करतो?

या लायब्ररीत परवानग्या तपासणे, कुलपे लावणे अशी इतरही कामे आहेत. आपल्याला प्रयोजन आहे ते दुभाष्या सुरू करणाऱ्या दोन रुटीनांशी. एकाचे नाव 'स्टार्ट ट्रान्सलेटर' आणि दुसऱ्याचे 'स्टार्ट ट्रान्सलेटर लाँग'. दुसऱ्याला पंधरा-सोळा गोष्टी सांगाव्या लागतात: कोणती आज्ञावली, तिला कोणते शब्द द्यायचे, कोणत्या उघड्या फाईली, कोणती प्रारंभिक पोर्टे, मालक कोण, किती वेळ वाट पाहायची, इत्यादी. पहिल्याला सहा-सात सांगितल्या की पुरे. उरलेल्या गोष्टी ते हाक मारणाऱ्याच्या स्वतःच्या स्थितीतून उचलते. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे तो महत्त्वाचा ठरणार आहे.

आता प्रत्यक्ष क्रम पाहू. माकमध्ये सर्व संभाषण 'पोर्ट'मधून होते. पोर्ट म्हणजे एक टपालपेटी समजा. पेटी उघडून पत्रे काढण्याचा हक्क एकाकडेच असतो. पत्र टाकण्याचा हक्क मात्र अनेकांना देता येतो आणि कोणाकोणाकडे तो आहे याचा हिशेब कर्नल ठेवते.

मदतनीस प्रथम एक नवी पेटी तयार करतो. मग एक नवी प्रक्रिया निर्माण करतो, तिच्यात दुभाष्याची आज्ञावली भरतो आणि त्या पेटीत पत्र टाकण्याचा हक्क तिच्या हाती देतो. स्वतःजवळ असा हक्क तो ठेवत नाही. त्यानंतर तो कर्नलला सांगून ठेवतो, "या पेटीत पत्र टाकू शकणारा कोणीही उरला नाही, तर मला कळव." आणि पेटीपाशी वाट पाहत बसतो.

नवा दुभाष्या जागा झाला की 'मी तयार आहे' असा संदेश टाकतो आणि त्यासोबत आपल्या नियंत्रणाचे पोर्ट देतो. उत्तरादाखल त्याला ज्या फाईलीवर तो बसला आहे, त्या मूळ फाईलीपर्यंत जाण्याची वाट मिळते. येथून पुढे पाहुण्याची गाठ थेट दुभाष्याशी पडते.

या रचनेतला खरा गुण अपयशाच्या वेळी दिसतो. समजा, दुभाष्या बोलण्यापूर्वीच कोसळला. मृत प्रक्रिया 'मी मेलो' असे कळवू शकत नाही. परंतु प्रक्रिया संपली की तिचे सर्व हक्क कर्नल काढून घेते. पेटीत पत्र टाकू शकणारा तो एकटाच होता. म्हणून हक्कदारांची संख्या शून्य होते आणि कर्नलची सूचना त्याच पेटीत येऊन पडते. मदतनीस ताबडतोब 'दुभाष्या मरण पावला' या अर्थाची चूक कळवतो. मृत्यूची बातमी मृताच्या सहकार्याशिवाय आणि कोणालाही वारंवार चौकशी करावी न लागता मिळते. एका हक्काची मोजणी, एवढ्याच आधारावर हे साधले आहे. साधेपणा आणि अचूकपणा यांचा असा मेळ क्वचित पाहायला मिळतो. पदवीच्या विद्यार्थ्यांनी परिचालन प्रणाली अभ्यासताना ही युक्ती अवश्य पाहावी.

मौनाचा प्रश्न

उत्तर आले आणि मृत्यू आला, या दोन्ही शक्यता नीट हाताळल्या आहेत. तिसरी शक्यता अवघड आहे. दुभाष्या जिवंत आहे, पण बोलत नाही. तो अनंत आवर्तनात अडकला असेल, दूरच्या यंत्राची वाट पाहत असेल किंवा मुद्दाम गप्प असेल. बाहेरून पाहणाऱ्याला या तिन्हींतला फरक कळण्याचा उपाय नाही. म्हणून कालमर्यादा घालावी लागते.

तशी सोय या रुटीनमध्ये आहे. मिलिसेकंदांत वेळ सांगता येते. पण सांगितलेली संख्या शून्याहून मोठी असेल तरच मर्यादा लागू होते; शून्य म्हणजे मर्यादाच नाही! रोजच्या भाषेत 'शून्य मिनिटे थांबेन' याचा अर्थ 'मुळीच थांबणार नाही' असा होतो. येथे तो 'जन्मभर थांबेन' असा आहे. संगणकाच्या जगात असे संकेत सर्रास आढळतात, म्हणून ते निर्दोष ठरत नाहीत. जो विचार न करता शून्य लिहील, त्याच्या वाट्याला सर्वांत धोक्याची निवड यावी, ही रचना उलटी आहे. दुभाषे बसवण्यासाठी वापरकर्त्याला दिलेली 'सेटट्रान्स' ही आज्ञा काही न सांगितल्यास ६० सेकंदांची मर्यादा धरते. तेथे दाखवलेला शहाणपणा रुटीनच्या पातळीवरच असायला हवा होता.

त्याहून महत्त्वाचे असे, की ही मर्यादा फक्त पहिल्या नमस्काराची आहे. दुभाष्याने वेळेत 'मी तयार आहे' म्हटले की मदतनिसाचे काम संपते. पुढे पहिल्याच विनंतीला तो गप्प बसला, तर पाहुणा ताटकळत राहतो. ओळखपत्र वेळेवर दाखवणारा माणूस कामही वेळेवर करील असे धरून चालण्यासारखे हे आहे. पारंपरिक प्रणालीत फाईल वाचणारी आज्ञावली कर्नलवर विसंबून असते. येथे ती कोणत्याही वापरकर्त्याने बसवलेल्या प्रक्रियेवर विसंबून राहते, आणि तिला ते ठाऊकही नसते. एखाद्याने अशी निर्देशिका दाखवणारा दुभाष्या बसवला, की जिच्यात एक निर्देशिका, तिच्यात आणखी एक, असे कधीच संपत नाही. तर सर्व फाईली धुंडाळणारी साधी आज्ञावली तेथे जाऊन अडकेल. दुभाष्या टाळून मूळ फाईल उघडण्याची सोय हर्डमध्ये आहे खरी, पण ती वापरण्याची आठवण प्रत्येक आज्ञावली लिहिणाऱ्याला राहिली पाहिजे.

किल्ल्या कोणाच्या?

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. नव्या दुभाष्याला काम करायला दोन गोष्टी लागतात: ओळख आणि परिसर. ओळख म्हणजे तो कोणाच्या नावाने वावरणार. निष्क्रिय दुभाष्याला फाईलीच्या मालकाची ओळख मिळते, आणि ते योग्य आहे. परिसर म्हणजे त्याला फाईलींचे झाड कोठून दिसणार, त्याच्या दृष्टीने 'मूळ' कोणते. हा परिसर येतो हाक मारणाऱ्याच्या स्थितीतून, म्हणजे फाईल-सर्व्हरकडून. नोंद लिहिणारा कोठे उभा होता, याचा येथे विचारच होत नाही.

यातून काय होते, ते एका दृष्टांताने पाहू. एका विद्यार्थ्याला प्रयोगशाळेतच बसण्याची सूचना आहे. शाळेच्या बाकीच्या भागात त्याने जायचे नाही. मात्र प्रयोगशाळेच्या कपाटावर चिठ्ठी चिकटवायला त्याला मुभा आहे. तो चिठ्ठी लिहितो: 'हे कपाट कोणी उघडले, तर माझ्या मदतनिसाला बोलवा.' मग स्वतःच कपाट उघडतो. चिठ्ठी वाचून मदतनिसाला बोलावणारा शिपाई असतो बाहेर, पटांगणात. साहजिकच मदतनीसही पटांगणातच येऊन उभा राहतो. विद्यार्थी प्रयोगशाळेतून हललेला नाही, नियमही मोडलेला नाही. पण मदतनिसाच्या हातून त्याला आता बाहेरच्या वस्तू मिळू शकतात.

युनिक्समध्ये एखाद्या प्रक्रियेला झाडाच्या एकाच फांदीपुरते कोंडून ठेवण्याची पद्धत आहे. हर्डमध्ये निष्क्रिय दुभाष्यामुळे हे कोंडणे असे फोल ठरते. त्या वापरकर्त्याला त्याच्या ओळखीपलीकडचे अधिकार मिळत नाहीत, हे खरे. पण कोंडण्याचा हेतूच मुळी ओळखीने मिळणारे अधिकारही आवळावेत हा असतो.

तिसरा प्रश्न खर्चाचा. दुभाष्या चालू लागला की स्मृती आणि वेळ खातो. तो कोणाच्या खात्यावर मांडायचा? नोंद लिहिणाऱ्याच्या, दार ठोठावणाऱ्याच्या, की हाक मारणाऱ्या सर्व्हरच्या? रुटीनच्या पंधरा-सोळा गोष्टींत याला जागा नाही. हर्डच्या विकासात स्वतः सहभागी असलेल्या नील वॉल्फील्ड आणि मार्कस ब्रिंकमन यांनी २००७ साली या प्रणालीवर टीकालेख प्रसिद्ध केला. नावांवरून वस्तू शोधण्याच्या पद्धतीतील धोके आणि साधनांच्या हिशेबाचा अभाव यांवर त्यात बोट ठेवलेले आहे. आपल्याच घराची अशी चिकित्सा करणे ही विज्ञानातील उत्तम परंपरा होय.

इतरांनी काय केले?

या अडचणी टाळता येत नाहीत असे नाही. बेल प्रयोगशाळेतील 'प्लॅन ९' या प्रणालीतही फाईल-व्यवस्था म्हणून साध्या प्रक्रिया जोडता येतात. पण तेथे प्रत्येक प्रक्रिया-समूहाला स्वतःचे नावांचे झाड असते. तुम्ही काही जोडले, तर ते तुमच्या झाडात दिसते, शेजाऱ्याच्या नव्हे. अनोळखी दुभाष्याच्या दारी नकळत जाण्याचा प्रसंग त्यामुळे बराच टळतो.

लिनक्सने मोठा गाभा सोडला नाही, तरी सामान्य प्रक्रियेला फाईल-व्यवस्था चालवू देणारी 'फ्यूज' ही सोय २००५ साली, २.६.१४ या आवृत्तीत, कर्नलमध्ये घेतली. हर्डच्या कल्पनेची ही एक प्रकारे पावतीच. पण फ्यूजने एक कडक नियम ठेवला: ज्याने जोडले त्यालाच वापरता येईल. मुद्दाम मुभा दिल्याखेरीज इतरांना, अगदी प्रमुख व्यवस्थापकालाही, तेथे प्रवेश नाही. व्यवस्थापकाला रोखणे विचित्र वाटेल. पण त्याच्याच आज्ञावल्यांना सापळ्यात पडू न देण्यासाठी ते आहे. हर्डने सर्वांना सर्वांचे दुभाषे दाखवले आणि सावधगिरी पाहुण्यावर सोपवली. फ्यूजने सावधगिरी नियमातच घातली आणि मोकळीक मागून घ्यायला लावली. माझ्या मते दुसरी रीत अधिक सुरक्षित आहे; पहिली अधिक उदार आहे, हेही मान्य केले पाहिजे.

आता सुरुवातीच्या निकालाविषयी. हर्ड मागे राहिली म्हणून मायक्रोकर्नलची कल्पना फसली, असे म्हणता येत नाही. माकमधील संदेशवहन मंद होते हे खरे. पण जर्मनीतील योखेन लीट्के यांनी १९९३ च्या सुमारास 'एल४' या गाभ्याने ते कितीतरी पटींनी वेगवान करता येते हे दाखवून दिले. त्याच घराण्यातील 'एसईएल४' या गाभ्याची अचूकता २००९ साली ऑस्ट्रेलियात गणिती पद्धतीने सिद्ध करण्यात आली. मोटारींतील संगणकांत 'क्यूएनएक्स' हा मायक्रोकर्नल मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. वर पाहिलेल्या त्रुटींपैकी एकही गाभा लहान असल्यामुळे उद्भवलेली नाही. दुसऱ्यासाठी प्रक्रिया सुरू करताना अधिकार, परिसर आणि खर्च कोणाचा, हे स्पष्ट न ठरवल्यामुळे त्या उद्भवल्या आहेत. 'जे सांगितले नाही ते माझ्याकडचे घे' ही छोट्या रुटीनमधील सोय लिहिणाऱ्याचे श्रम वाचवते. पण नेमका जो निर्णय विचारपूर्वक घ्यायचा, तो ती न घेताच उरकून टाकते.

वर्गात करून पाहा

वरच्या इयत्तांसाठी संगणकाशिवायही याचा पाठ घेता येईल. चार विद्यार्थी घ्या: कर्नल, फाईल-सर्व्हर, दुभाष्या आणि पाहुणा. कर्नलने फक्त चिठ्ठ्या पोचवायच्या आणि कोणाकडे किती 'टपाल-हक्क' आहेत ते फळ्यावर मांडायचे. पहिल्या फेरीत दुभाष्याने नीट उत्तर द्यावे. दुसऱ्या फेरीत त्याने उत्तर न देता वर्गाबाहेर जावे. म्हणजे कर्नल त्याचा हक्क पुसेल आणि सर्व्हरला आपोआप बातमी मिळेल. तिसऱ्या फेरीत त्याने जागेवर नुसते गप्प बसावे. किती वेळ थांबायचे, हे वर्गानेच ठरवावे. कोणी फार कमी वेळ सांगेल, तेव्हा प्रामाणिक पण संथ दुभाष्यावर अन्याय होईल, हे मुलांच्याच लक्षात येईल. चौथ्या फेरीत दुभाष्याला खडू हवा आहे. तो कोणाच्या पेटीतून घ्यायचा, यावर वाद होऊ द्यावा. हा वाद लवकर मिटवू नये.

ज्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहायचे असेल, त्यांच्यासाठी हर्ड आजही उपलब्ध आहे. डेबियनशी संबंधित स्वयंसेवकांनी तिची मांडणी २०१३ पासून वेळोवेळी प्रसिद्ध केली असून २०२५ च्या आवृत्तीत ६४ बिटांच्या यंत्रांचीही सोय झाली आहे. आभासी यंत्रावर ती चालवता येते, आणि एफएसहेल्पचा सारा मूळ मजकूर खुला असल्याने तो वाचून वरील आक्षेप तपासून पाहता येतील. त्यांपैकी एखादा लंगडा वाटल्यास विद्यार्थ्यांनी तो जरूर खोडून काढावा. शून्याचा अर्थ बदलणे सोपे आहे. परिसर नोंद लिहिणाऱ्याकडून कसा घ्यायचा आणि तो चकतीवर कोणत्या स्वरूपात जपायचा, हे मात्र पुष्कळ अवघड आहे. तेथून सुरुवात करावी.